ब्याऐंशी पावले आत

प्रश्न एवढाच आहे: भिलाईहून अहिवाऱ्याकडे जाताना जी जुनी धावपट्टी लागते, तिच्या पूर्वेकडची चुन्याच्या दगडांची ओळ पट्टीच्या टोकाला नसून ब्याऐंशी पावले आत का आहे? विमानाची चाके कोठून पुढे टेकावीत हे वैमानिकाला वरून दिसावे म्हणून अशी ओळ आखतात. पट्टी तर त्या ओळीच्या बाहेरही तशीच बांधलेली आहे, तोच मुरूम, तीच खडी, तेच डांबर. मग एवढा तुकडा सोडून का दिला?

भिलाईचा पोलाद कारखाना उभा राहत होता त्या वर्षांत मी तेथल्या शाळेत गणित आणि भूगोल शिकवीत असे. या प्रश्नाची दोन उत्तरे तेव्हा सगळ्यांना ठाऊक होती. एक, पट्टीच्या राखणदाराला तेवढे गवत काढायचा कंटाळा होता. दुसरे, राखणदाराचे डोके ठिकाणावर नव्हते. तिसरे उत्तर खुद्द राखणदाराचे होते आणि ते तपासण्याची संधी मला मिळाली होती. गोष्टी क्रमाने सांगण्याची मला सवय आहे, पण या माणसाला क्रमाने सांगता येत नाही. त्यांचे पाऊल सोडले तर त्यांच्यात क्रमवार असे काही नव्हते.

म्हणून पावलापासून सुरुवात करतो.

ते मूळचे रेल्वेचे कीमॅन. रूळ ज्या लोखंडी चाव्यांनी स्लीपरांना जखडलेला असतो, त्या चाव्या सैल झाल्या की हातोड्याने ठोकून घट्ट करणे हे कीमॅनचे काम. त्यासाठी रोज ठरलेले अंतर रुळांमधून पायी चालायचे, एका स्लीपरवरून दुसऱ्या स्लीपरवर. दुर्गच्या लाइनवर त्यांचा उभा जन्म असा गेला. रेल्वेची नोकरी संपून ते पट्टीवर राखणदार झाले तेव्हा त्यांच्या पायांना स्लीपरांमधले अंतर सोडून दुसरे अंतर ठाऊकच नव्हते. मोकळ्या मैदानात, बाजारात, सुपेल्याच्या चौकातल्या गर्दीतसुद्धा ते तेवढेच पाऊल टाकीत. समोर डबके आले तर ते डबक्यात पाऊल टाकीत, पण पाऊल लांबवीत नसत. मी एकदा शाळेची फीत नेऊन मोजले. एकोणतीस इंच. शंभर पावले चालायला लावली, परत शंभर चालायला लावली. दोन्ही वेळच्या अंतरांत वितीएवढाही फरक पडला नाही. मुलांना मी पुढे कित्येक वर्षे सांगत असे की मोजमापाचे साधन म्हणजे जे दर वेळी तेच उत्तर देते ते. उदाहरण म्हणून मला नेहमी एका म्हाताऱ्याचे पाय आठवत.

पहिली भेट एका रविवारी झाली. त्या वेळी कारखान्याच्या वसाहतीतल्या सेक्टरांना आकडे मिळाले होते, रस्त्यांना झाडे मिळायची होती. वारा कोणत्या दिशेचा आहे हे दाखवणारी कापडी पिशवी धावपट्टीवर असते असे ऐकले होते. वर्गात तिचे चित्र काढण्यापूर्वी ती प्रत्यक्ष पाहावी म्हणून मी सायकलने निघालो. पट्टीवर पोहोचतो तो समोर लाल झेंडी घेऊन एक किडकिडीत, काळासावळा गृहस्थ उभा.

"थांबा! सेक्शनात कोण घुसून राहिलं?"

"मी शाळेत शिक्षक आहे. वाऱ्याची पिशवी पाहायला आलो."

"तो पायजमा?" त्यांनी खांबावरच्या पिशवीकडे हनुवटी उडवली. "पाहा ना जी. पायजमा पाहाले कोण नाही म्हणते? पण सायकल तिकडं ठेवा. चाकानं खडे सरकते. कुठले तुमी?"

"वर्ध्याचा."

"मंग घरचेच झाले. जय भीम. आता चालून दाखवा."

"कुठे?"

"कुठं म्हणजे? सरळ. शंभर पावलं."

का, हे विचारायचेही मला सुचले नाही. मी चालू लागलो आणि ते पुटपुटत मोजत मागून आले. शंभर झाल्यावर त्यांनी मान हलवली. "मास्तर, तुमचा उजवा पाय घाई करून राहिला. डावा बिचारा मागून ओढत येते. शाळंत रोज उशीर होते का तुमाले?"

उशीर होत असे. मी ते कबूल केले नाही.

ती पट्टी युद्धकाळात घाईने बांधली असे लोक सांगत. युद्ध संपल्यावर तिच्यावर गुरे चरली आणि कारखाना आल्यावर पुन्हा विमाने उतरू लागली. तिकीट काढून बसण्याची विमाने तेथे कधीच नव्हती. कोणा कंत्राटदाराचे चार माणसांचे विमान, कोणा गिरणीमालकाचे, कधी एका जुन्या संस्थानाच्या राजेसाहेबांचे. ज्याला यायचे तो आदल्या दिवशी निरोप धाडी, कधी धाडीतही नसे. आमच्या कीमॅनना ही गोष्ट सोसत नसे. "टाइमटेबल नाही, हे कसली लाइन?" असे ते म्हणत. तरीही विमान उतरले की ते कमरेचे घड्याळ काढून बघत आणि वैमानिकाला गंभीरपणे हिंदीत सांगत, "साहब, आज बिफोर टाइम." कोणत्या वेळेच्या आधी, हे कोणी विचारत नसे.

विमानाला ते गाडी म्हणत, पट्टीला सेक्शन आणि स्वतःच्या पत्र्याच्या खोपटाला गुमटी. गाडी दिसली की पूर्वेच्या दगडांच्या ओळीपाशी, पट्टीच्या कडेला, हिरवी झेंडी धरून उभे राहत. असे करायला त्यांना कोणी सांगितले नव्हते. विमानाला त्याची गरज नव्हती हे मी त्यांना एकदा समजावून सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, "त्याले गरज नसन. मले हाय."

त्या काळी सर्वांत जास्त येणारा वैमानिक एका कंत्राटदाराचा होता. पिकलेल्या मिशा, कमी बोलणे. तो गुमटीत बसून काळा चहा पीत असे. त्याने एकदा यांना विमानात बसवून कारखान्यावरून एक फेरी मारून आणू का, असे विचारले. आमच्या शाळेतल्या कोणालाही असे विचारले असते तर त्याने आनंदाने उडी मारली असती. हे म्हणाले, "सेक्शनपर गाड़ी है तो कीमॅन नीचे रहेगा, साहब. ऊपर से क्या दिखता है? छत दिखता है." वैमानिक हसला. त्यानंतर उतरताना तो हिरव्या झेंडीला पंख हलवून सलाम करू लागला.

आता हातोड्याबद्दल. रोज सकाळी दव असतानाच ते पट्टीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत आणि प्रत्येक पावलाला लांब दांड्याच्या हातोड्याने जमिनीवर एक टोला देत. मग मान कलती करून ऐकत. चावी सैल झाली की रूळ वेगळा बोलतो, तसे मुरमाचेही असते, असे त्यांचे म्हणणे. "डोळ्याले वरचं दिसते, मास्तर. खालचं कानाले." पूर्वेकडच्या तुकड्यात त्यांना काहीतरी वेगळे ऐकू आले होते. खाली पोकळी आहे असा त्यांचा ठाम निष्कर्ष होता. त्यांनी कोणाला न विचारता दगडांची ओळ उचलून ब्याऐंशी पावले आत आणली, चुना मारला आणि विषय संपवला. लहान विमानांना उरलेली पट्टी पुष्कळ होती. चार वर्षे कोणाच्या लक्षातही आले नाही.

मग त्या कंत्राटदाराने मोठे, जड विमान घेतले. नव्या विमानासाठी त्याने पट्टीचा नकाशा मागवला आणि त्याच्या ध्यानात आले की कागदावर जेवढी पट्टी आहे तेवढी जमिनीवर नाही. तक्रार झाली. ज्या साहेबांकडे पट्टीची देखभाल होती ते स्वतः आले. ते वाईट गृहस्थ नव्हते हे येथे नोंदवले पाहिजे. राखणदाराने त्यांना पोकळीची जागा दाखवली. त्यांनी तेथे पहार मारून पाहायला लावली. हातभर खोल गेली, मुरूम घट्ट लागला. साहेबांनी निकाल दिला: दहा दिवसांत दगड मूळ टोकाला जातील, नाहीतर राखणदार घरी जाईल.

त्या संध्याकाळी कीमॅन माझ्या क्वार्टरवर आले. हातोडा धोतराच्या धडप्यात गुंडाळून बगलेत धरला होता.

"मास्तर, अर्ज लिहून द्या."

"काय लिहू?"

"खाली पोकळ हाय, असं."

मी म्हणालो, "मी पाहिलेले नाही. जे मला ठाऊक नाही ते मी कसे लिहू?"

मला वाटले ते रागावतील. ते खूश झाले. "बरोबर हाय. मंग चला. ऐका अन् लिहा."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही पूर्वेच्या टोकाला गेलो. त्यांनी मला पट्टीच्या अगदी टोकावर उभे केले, तोंड पश्चिमेला. "तुमी पुढं चाला, हळू. मी मागून ठोकतो. वळून पाहाचं नाही. आवाज बदलला का हात वर करा."

"जागा सांगा ना आधी. साहेबांना दाखवलीत, मग मला का नाही?"

"साहेबाले काम दाखवलं. तुमी साक्षीदार. तुमाले सांगितलं तर तुमी माझंच ऐकान, जमिनीचं नाही."

प्रयोगाची ही रीत मी पुढे पुस्तकात वाचली. त्या दिवशी ती मला एका कीमॅनने शिकवली.

मी चालू लागलो. मागून टोले पडत होते आणि मी सवयीने ते मोजत होतो. सगळे सारखेच वाटत होते. मग एका टोल्याला मला वाटले की हा किंचित बसका आला. वाटले म्हणजे फक्त वाटले. हात उचलावा का? समजा ती जागा नसेल तर? वर्गात चुकीचे उत्तर देणाऱ्याकडे पन्नास मुले जशी बघतात तसे ते माझ्याकडे बघतील, असे माझ्या मनात आले. तेथे आम्ही दोघेच होतो तरीही. पुढचा टोला पडला, त्याच्या पुढचा पडला. ब्याऐंशी झाले. माझा हात खालीच होता.

"नाही आलं ऐकू?" त्यांनी विचारले.

"नाही."

मी अर्ज लिहिला. सुवाच्य अक्षरात, मुद्देसूद. त्यात लिहिले की राखणदारास सदर जागी जमिनीचा आवाज भिन्न वाटतो आणि त्याचा रेल्वेतील अनुभव दीर्घ आहे; प्रस्तुत लेखक स्वतः चाचणीस हजर होता, त्यास भेद जाणवल्याचे निश्चित सांगता येत नाही. मी तो त्यांना वाचून दाखवला. "तुमाले ऐकू नाही आलं हे बी लिहिलं, चांगलं केलं," ते म्हणाले आणि खाली सही केली.

साहेबांनी तो अर्ज लक्षपूर्वक वाचला आणि नेमक्या त्याच वाक्याखाली रेघ मारली. "मास्टरजी खुद गए थे. उनको भी सुनाई नहीं दिया." अर्जाचे काम संपले. माझ्या एका वाक्याने संपले.

दहाव्या दिवशी सकाळी मजूर लावून दगड पुन्हा टोकाला नेले गेले. दुपारी नवे विमान येणार होते. साहेब आले होते; मीही शाळा सोडून गेलो होतो. विमान पूर्वेकडून खाली येऊ लागले तेव्हा आमचे कीमॅन गुमटीतून बाहेर पडले आणि आपल्या त्याच पावलांनी पट्टीच्या मधोमध जाऊन उभे राहिले, जेथे दगडांची ओळ पूर्वी होती बरोबर तेथे. हातात लाल झेंडी.

"अरे, हटाओ उसको!" साहेब ओरडले. कोणी हलले नाही. हलायला वेळही नव्हता.

रेल्वेचा नियम असा आहे की रुळात दोष दिसला तर कीमॅनने लाल झेंडी दाखवून जागेवर उभे राहायचे आणि गाडी थांबेपर्यंत जागा सोडायची नाही. विमान थांबू शकत नाही हे त्यांना अर्थातच माहीत होते. तरीही ते उभे राहिले. विमान इतके खाली आले की मला त्याची चाके मोजता आली. मग त्याचा आवाज एकदम वाढला, ते त्यांच्या डोक्यावरून वर गेले, त्याने एक मोठा फेरा घेतला आणि दुसऱ्या खेपेला ते त्यांच्या बरेच पुढे उतरले. मात्र त्या वेळी कीमॅन पट्टीच्या कडेला सरकले होते आणि हातात हिरवी झेंडी होती.

पिकल्या मिशांचा वैमानिक खाली उतरला. साहेब त्याची माफी मागू लागले. तो म्हणाला, "झंडी देखी, मान ली. चार साल से यही कर रहा हूँ." मग तो कीमॅनकडे वळला. यांनी घड्याळ काढले. "साहब, आज लेट. मेरे कारण."

नोकरी त्याच संध्याकाळी गेली. उतरत्या विमानासमोर उभे राहणाऱ्या माणसाला ठेवता येणार नाही, हे साहेबांचे म्हणणे मला तेव्हा खोडता आले नाही, आजही येत नाही. कीमॅननी झेंड्या, घड्याळ, हातोडा असे सगळे एका पोत्यात भरले. गोंदियाकडे मुलगी दिली होती, तिकडे जाणार होते. दुर्ग स्टेशनवर मी पोचवायला गेलो. गाडी सुटताना म्हणाले, "पाणी पडून गेल्यावर एकडाव जाऊन या, मास्तर. कोरड्यात ते लपते."

पावसाळा संपता संपता मी गेलो. पट्टीवर नवा माणूस होता. तो गुमटीत झोपला होता. पूर्वेच्या टोकाला एक म्हातारी शेळ्या चारत होती. मी जमिनीकडे पाहत रेंगाळलो तशी ती लांबूनच ओरडली, "उहां झन ठाढ हो, बेटा! खाल्हे कुआं हे." तेथे उभा राहू नको, खाली विहीर आहे. मी तिच्याजवळ गेलो. विहीर तिच्या सासऱ्याची होती. पट्टी बांधायला आलेल्यांनी काटेरी झुडपे टाकून ती बुजवली आणि वर मुरूम पसरला. हे तिने कोणाला सांगितले नाही का, असे विचारल्यावर ती म्हणाली, "कोनो पूछिस कहां?" विचारले कोणी?

मी तिला जागा दाखवायला सांगितले. तिने काठी टेकली, तेथे मी माझा रुमाल ठेवला. मग फीत काढली आणि पट्टीच्या पूर्व टोकापासून रुमालापर्यंतचे अंतर एकोणतीस इंचांनी भागले.

तीन महिने एक आकडा माझ्या डोक्यात पडून होता. ज्या टोल्याला माझा हात उचलला गेला नव्हता त्याचा. दोन आकड्यांत फरक निघाला तो एका पावलाचा.

त्या रात्री मी साहेबांना दुसरा अर्ज लिहिला. पहिल्या अर्जात एकही खोटे वाक्य नाही, मात्र एक खरे वाक्य लिहायचे राहिले आहे, अशी त्याची सुरुवात होती. राखणदारास परत बोलवावे, अशी शेवटी विनंती होती. काही दिवसांनी दगड पुन्हा ब्याऐंशी पावले आत आले, 'चौकशी होईपर्यंत'. चौकशी झाल्याचे माझ्या ऐकिवात नाही. परत बोलावण्याबद्दल उत्तर आले नाही.

दिवाळीच्या सुटीत मी गोंदियाकडे त्यांच्या मुलीच्या घरी गेलो. ते अंगणात बसून जावयाच्या सायकलीचे नट ठोकून ऐकत होते. मी सगळे सांगितले: म्हातारी, विहीर, रुमाल. नंतर, बराच वेळ घालवून, हेही सांगितले की त्या सकाळी मला शंका आली होती आणि मी हात वर केला नव्हता.

"ठाऊक हाय मले," ते म्हणाले. "मी मागंच होतो ना. तुमची मान हलली होती."

मी विचारले, "मग तेव्हाच का नाही बोललात? तुमची नोकरी वाचली असती."

त्यांनी एक नट ठोकला, ऐकला, पुढच्याकडे गेले. "हात तुमचा होता, मास्तर. तो म्या कावून उचलावा?"

मुलीने चहा आणला. दगड आत आले याचा त्यांना फार आनंद झाला. चुना दर वर्षी पावसाळ्यानंतर मारावा लागतो, नवा माणूस मारतो का, याची त्यांनी दोनदा चौकशी केली. पुढे चार वर्षांनी ते गेले. पत्र मुलीने घातले.

गेल्या हिवाळ्यात मी पाहिले तेव्हा दगड आतच होते. खाली विहीर आहे असे मला वाटते. पण माझा कान आता साक्षीला चालणार नाही, कारण त्याला जागा ठाऊक झाली आहे. म्हणून तो आकडा मी या लेखात कोठेही लिहिलेला नाही. ज्यांना शक्य असेल त्यांनी परवानगी काढून, पाऊस संपल्यावर, सकाळी दव असताना तेथे जावे. लांब दांड्याचा हातोडा आणि एक सोबती न्यावा. पूर्वेच्या टोकापासून एकोणतीस इंचांच्या पावलाने चालावे, सोबत्याने मागून ठोकावे, पुढच्याने टोले मोजावेत आणि वळून पाहू नये. एखादा टोला वेगळा वाटला तर खात्री होण्याची वाट पाहू नये. हात वर करावा आणि आकडा टिपून ठेवावा. कृपया हे स्वतः पडताळून पाहावे.